वहीचे मागचे पान

सातवीच्या वर्गात मराठी शिकवत होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर काहीतरी गिरवत होती. मी वही हिसकावून घेतली. "याने मार्क मिळणार आहेत का?" असे सगळ्या वर्गासमोर बोलले. पानावर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची कमान होती, अगदी हुबेहूब. मुलीने मान खाली घातली. मला मात्र माझी दादी आठवली. "याने पोट भरणार आहे का?" असे ती मला म्हणायची. शब्द वेगळे, पण सूर तोच.

मीही त्या मुलीसारखीच होते. सोलापूरहून आमची सहल विजापूरला गेली होती. मैत्रिणी गोलघुमटात आवाज घुमवण्यात रमल्या. मी इब्राहिम रोजाच्या खिडक्यांपाशी थबकले. दगडात कोरलेल्या अक्षरांमधून आरपार उजेड येत होता. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी ती जाळी काढत राहिले. पुढे रेखाकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झाले. इंटरमिजिएटच्या वेळी अब्बांचा हात तंग होता. रंगांची पेटी हवी, हे मी बोललेच नाही. मग बी.एड., नोकरी, निकाह, मुले. हातात उरला तो फक्त लाल पेन. इतकेच नव्हे, तर परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास मी मराठीच्या उजळणीसाठी मागून घेऊ लागले.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची माफी मागितली आणि विचारले, "कमान इतकी नेमकी कशी जमली?"

"टीचर, सोपे आहे," ती म्हणाली. "एक आडवी रेघ घ्यायची. दोन्ही टोकांवर आळीपाळीने कंपास ठेवून तेवढ्याच मापाचे दोन चाप मारायचे. ते भेटतात तिथे कमानीचे टोक."

तेव्हापासून फजरच्या नमाजनंतर वीस मिनिटे मी कागद घेऊन बसते. पहिल्यांदा घरातला लोटा काढला. तळाची कड सरळ रेघेने काढली, तर लोटा कापल्यासारखा दिसू लागला. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले, गोल कड नजरेच्या जितकी खाली, तितकी ती जास्त गोल दिसते. लोटा रोजच हातात असतो, पण तो मी कधी पाहिलाच नव्हता.

दादीची दुसरी शंका होती, तस्वीर काढणे जायज आहे का? ती मी हसण्यावारी नेत नाही. चित्रांवर रोजी कमावणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितल्याचे सहीह बुखारीत आले आहे. झाड, लोटा, कमान, जाळी, मला एवढे अंगण पुरेसे आहे.

अल्हम्दुलिल्लाह, आता दोन वह्या भरल्या आहेत. इब्राहिम रोजाची जाळी अजून जमलेली नाही. अक्षरे वाकडी येतात. पण चित्रकलेचा तास मी आता मागत नाही. ती मुलगी एलिमेंटरीला बसणार आहे, इन्शाअल्लाह. तिच्या रंगांच्या पेटीचे मी बघेन.

भगिनींनो, तुमच्या घरातले एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर काही काढत असेल, तर रागावण्याआधी ते पान एकदा नीट पाहा.