विंचवीचे बोंड



श्रावणात उकिरड्याच्या कडेला नाहीतर पडीत एक झाड हमखास दिसते. कमरेएवढे उंच, पाने रुंद आणि हात लावला की चिकटणारी. फुले मात्र देखणी. फिकट गुलाबी, आत जांभळे ठिपके. कोणी तिला वाघनखी म्हणतात, कोणी विंचवी.

ही मूळची आपली नव्हे, मेक्सिकोकडची. शास्त्रीय नाव मार्टिनिया. हिरवे फळ चोचदार असते. वाळले की साल गळते आणि काळे टणक बोंड उरते. त्याला दोन वाकडे, अणकुचीदार आकडे. ते जनावरांच्या पायांत, अंगावरच्या केसांत अडकतात आणि बी रानोरान पोचते.

बोंड नांगी उगारलेल्या विंचवासारखे दिसते. म्हणूनच विंचू चावला की ते उगाळून लावायची चाल पडली.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका वस्तीवर मुक्कामाला होतो. रात्री त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला विंचू चावला. आजोबांनी वळचणीतले बोंड काढून उगाळायला घेतले. रूप सारखे म्हणून औषध होत नाही, हे मला ठाऊक होते. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला. पण वडीलधाऱ्यांपुढे कसे बोलावे, म्हणून गप्प राहिलो. तासाभरात पोरीला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मग जीप काढली. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि ते पहाटेपर्यंत उशाशी बसले. पोर वाचली. "इतका वेळ काय करत होता?" त्यांनी विचारले. आजोबांनी मान खाली घातली. मीही.

लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो. त्यावर प्राझोसिन गुणकारी असल्याचे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता हे औषध आहे, पण ते वेळेत पोटात गेले पाहिजे.

तेव्हा दोन कामे करा. विंचवी फुलण्याआधी, जमीन ओली असतानाच मुळासकट उपटा. बी पडू दिले नाही तर ती दरसाल कमी होईल. आणि विंचू चावला तर तडक दवाखाना गाठा. घरात कोणी बोंड उगाळू लागले, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.