काच फोडण्याआधी हाताचा विचार

‘भंगारवाला’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. अभ्यास न करणाऱ्या मुलाला घरी आणि शाळेतही सर्रास ऐकवलं जातं, ‘मोठा होऊन भंगार गोळा करशील.’ मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं अशी असतात, ज्यांच्या घरची चूल भंगारावरच पेटते. त्यांच्यासमोर हे वाक्य बोलायचं म्हणजे त्यांच्या बापाचा अपमान त्यांच्याच तोंडावर करायचा.

अशाच एका मुलाने मागच्या वर्षी मला कामाला लावलं. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला, काही वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये काम केलं आणि आता तो वडिलांचं काच-भंगाराचं गोदाम सांभाळतो. त्याला टाकाऊ काच फोडणारं यंत्र स्वतः बनवायचं होतं. कर्जासाठी बँकेने प्रकल्प अहवाल मागितला होता. तो म्हणाला, “सर, मशिन मी करतो, कागद तुम्ही करा.”

भाषेच्या शिक्षकाला यंत्रातलं काय कळणार? पण जे समजलं नाही ते लिहायचं कसं, हाही प्रश्न होताच. म्हणून तीन महिने दर रविवारी मी त्याच्या गोदामात जाऊन बसलो. तिथे जे पाहिलं आणि समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे.

आजची पद्धत

गोदामात पोत्यांच्या राशी असतात. दारूच्या, बियरच्या, सॉसच्या, औषधांच्या, अत्तराच्या बाटल्या. ज्या अखंड आहेत आणि ज्यांना गिऱ्हाईक आहे, त्या वेगळ्या निघतात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. काचेसाठी हाच सगळ्यांत चांगला मार्ग, कारण त्यात काहीच वितळवावं लागत नाही. उरलेल्या, तडकलेल्या आणि गिऱ्हाईक नसलेल्या बाटल्या मात्र फोडाव्या लागतात.

फोडायची पद्धत अशी: बाटल्या गोणपाटाच्या पोत्यात भरायच्या, तोंड मुरगळून धरायचं आणि वरून घण घालायचा. पोतं दोन-तीन दिवसांत फाटतं. फाटक्या पोत्यातून तुकडा उडतो तो सरळ तोंडाकडे. तिथे निवडायचं काम करणाऱ्या तीन बायका आहेत. त्यातल्या वयाने मोठ्या असलेल्या बाईंना सगळे खाला म्हणतात. खालांच्या डाव्या हाताचा अंगठा वाकत नाही. कधीकाळी काच खोल गेली आणि आतली शीर तुटली. रोजंदारी बुडेल म्हणून त्या तेव्हा दवाखान्यात उशिरा गेल्या. अंगठा तसाच राहिला आणि कामही तसंच सुरू राहिलं.

फोडायची गरजच काय?

मला पडलेला पहिला प्रश्न हा. उत्तर सोपं आहे. रिकाम्या बाटल्यांनी भरलेला ट्रक बहुतांशी हवा वाहून नेतो. तीच काच फोडली की चार-पाच पट कमी जागेत मावते. काच मुळात स्वस्त आणि जड, त्यामुळे भाड्यातच नफा संपतो. बरेच फेरीवाले काच घ्यायला नाही म्हणतात, त्याचं कारणही हेच.

दुसरं कारण भट्टीचं. काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्यापासून बनते आणि त्यासाठी भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. जुनी काच मात्र आधीच एकदा वितळलेली असते, ती कमी उष्णतेत पुन्हा वितळते. कच्च्या मालात दर १० टक्के जुनी काच मिसळली की भट्टीची ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी वाचते. शिवाय एक टन जुनी काच सुमारे १.२ टन कच्चा माल वाचवते, कारण सोडा आणि चुनखडी तापल्यावर त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. जुन्या काचेत तो उरलेलाच नसतो. या जुन्या काचेच्या तुकड्यांना कारखान्यांत ‘कलेट’ म्हणतात.

हा धंदा नवा नाही, हे मुलांना सांगायला मला एक सुंदर उदाहरण सापडलं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ सेर्चे लिमानी नावाच्या खाडीत साधारण इ.स. १०२५च्या सुमारास एक जहाज बुडालं. १९७७ ते १९७९ या काळात पाण्याखाली त्याचं उत्खनन झालं. जहाजात सुमारे तीन टन काच होती. त्यातली दोन टन कच्च्या काचेचे गोळे-तुकडे आणि जवळपास एक टन फुटकी भांडी. शामच्या म्हणजे सीरियाच्या फातिमी किनाऱ्यावरून निघालेला हा माल पुन्हा वितळवण्यासाठी बायझंटाइन मुलखाकडे चालला होता. ही काच आज बोद्रुमच्या संग्रहालयात मांडलेली आहे. हजार वर्षांपूर्वी मुस्लीम मुलखातून ख्रिस्ती मुलखात भंगार काच जहाजाने जात होती आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता. ज्या मालासाठी जहाज सोडलं जातं, तो माल गोळा करणाऱ्याला आपण हिणवतो.

आपल्याकडेही काचेला इतिहास आहे. एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कराडजवळच्या ओगलेवाडीची काच आणि प्रभाकर कंदील आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला घरच्यासारखे माहीत होते. कंदिलाची काच फुटली की घरात रात्र अंधारी. काचेची किंमत त्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

ठेचायचं की दळायचं?

आता यंत्र. मला वाटत होतं, काच ती काय, कशानेही फुटेल. पण माझ्या विद्यार्थ्याने मला उलटंच शिकवलं. काच दाब प्रचंड सोसते. तिला ताण सोसत नाही. म्हणून तिला दोन जबड्यांत हळूहळू चिरडण्यापेक्षा फटका देणं स्वस्त पडतं. फटक्याने तडा जातो आणि तडा स्वतःच पुढे पळतो. म्हणून त्याने हातोड्यांचं यंत्र, म्हणजे हॅमर मिल निवडलं. एका जाड शाफ्टवर पोलादी हातोडे बिजागरीसारखे लटकवलेले असतात. शाफ्ट फिरला की ते ताठ होतात आणि वरून पडणाऱ्या बाटलीला मारतात. चुकून लोखंड आत गेलं तर हातोडा मागे झुकतो, शाफ्ट वाचतो. खाली भोकांची जाळी असते. भोकाएवढा तुकडा झाला की खाली पडतो, तोवर आत मार खात राहतो.

सगळं अडतं ते वेगावर. त्याची मोटर मिनिटाला १४४० फेरे करते. हातोड्यांच्या टोकांचं वर्तुळ ४० सेंटिमीटरचं. मोटर थेट जोडली तर हातोड्याचं टोक सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरतं. पुलीने फेरे निम्म्यावर, ७२०वर आणले तर १५ मीटर. वेग निम्मा झाला की फटक्याची ताकद पाव होते. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी त्याला सांगितलं, पुरा वेग ठेव, माल लवकर निघेल. त्याने निम्मा ठेवला.

कारण त्याने गिऱ्हाइकाला विचारलं होतं. भट्टीवाल्याला पीठ नको असतं, तुकडे हवे असतात. फार बारीक चुरा भट्टीत धुराबरोबर उडतो, काचेत बुडबुडे करतो. वेग जास्त तर धूळ जास्त, आवाज जास्त आणि हातोड्यांची झीज जास्त. काच साध्या पोलादापेक्षाही कडक असते. हातोडा काच फोडतो आणि काच हातोडा खाते. म्हणून त्याने हातोड्याला चार टोकं ठेवली. एक टोक झिजलं की उलटा करून बसवायचा. “सर, यंत्राला भूक किती, ते विकणारा ठरवत नाही. घेणारा ठरवतो,” तो म्हणाला. हे वाक्य मी अहवालात तसंच घातलं.

बारीक चुरा वाळूऐवजी बांधकामात का वापरू नये, हाही प्रश्न मी विचारला. नद्यांतून होणारा वाळूचा उपसा आपण बघतोच आहोत. पण काच-वाळू काँक्रीटमध्ये जशीच्या तशी घालता येत नाही. सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची हळूहळू प्रक्रिया होते, काँक्रीट फुगतं आणि त्याला तडे जातात. अगदी पिठासारखी दळली तर हा धोका घटतो, उलट ती सिमेंटला मदत करते. पण तेवढं दळायला वेगळं यंत्र आणि बरीच वीज लागते. त्याने तो विचार बाजूला ठेवला.

यंत्राचं तोंड

चित्रात सगळ्यांत जास्त खाडाखोड झाली ती यंत्राच्या तोंडाची. पहिल्या चित्रात वर सरळ फनेल होता. बाटली टाकायला सोपा. पण हात घालायलाही सोपा, आणि फुटलेला तुकडा त्याच वाटेने वर यायलाही सोपा.

त्याने गोदामातल्या सगळ्यांचे हात खांद्यापासून बोटांपर्यंत मापले. सगळ्यांत लांब हातापेक्षा लांब, एक मीटरची नळी धरली आणि तिला मध्ये वाक दिला. बाटली वळून खाली जाते, उलट उडालेला तुकडा वाकाला आपटून परत आत पडतो. नळीत रबरी पट्ट्यांचे दोन पडदे. झाकण उघडलं की मोटर बंद होईल, अशी कळ. पण मोटर बंद झाली तरी जड रोटर बराच वेळ फिरत राहतो. म्हणून रोटर पूर्ण थांबेपर्यंत झाकण निघणारच नाही, असा खटका त्याने नंतर वाढवला. धूळ ओढून पिशवीत जमा करणारा पंखाही लावला. काचेची धूळ दगडखाणीतल्या धुळीइतकी घातक मानली जात नाही, तरी डोळे, घसा आणि छातीला ती त्रास देतेच.

पुलीच्या पट्ट्यावरची जाळी मात्र खालांनी सुचवली. त्या यंत्राचं चित्र बघत होत्या. पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इधर ओढणी जायेगी.” आम्हा दोघा पुरुषांच्या डोक्यात ते आलं नव्हतं. आता पट्टा तिन्ही बाजूंनी बंद आहे.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “मशिन आयी तो हमकू काम रहेगा क्या, सर?”

अहवालातला रकाना

हाच प्रश्न बँकेनेही विचारला होता, फक्त उलट्या बाजूने. यंत्रामुळे किती मजूर कमी होतील आणि किती बचत होईल, ते दाखवा. बचत दाखवली की कर्ज सुकर, असं सांगण्यात आलं.

माझा विद्यार्थी ते लिहायला तयार नव्हता, आणि त्यामागे नुसती दया नव्हती. यंत्र फोडू शकतं, निवडू शकत नाही. हिरवी, तपकिरी आणि पांढरी काच मिसळली की भाव पडतो. चिनी मातीच्या कपाचा तुकडा काचेच्या भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत खडा बनून राहतो आणि बाटली तिथेच फुटते. उष्णता सोसणाऱ्या काचेच्या भांड्याचंही तसंच. लोखंडी बूच चुंबकाने निघतं, ॲल्युमिनियमचं निघत नाही. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती यंत्रात जाताच कामा नये. दवाखान्यातली काच जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांखाली येते, तिची वाट वेगळी. रंग आणि खोट ओळखणारी यंत्रं जगात आहेत, पण त्यांची किंमत या गोदामाच्या आवाक्याबाहेरची आहे. खाला ते काम एका नजरेत करतात. एकदा फुटून मिसळलं की मग कुणीच करू शकत नाही.

म्हणून आराखड्यात यंत्राच्या आधी निवडीचं टेबल आलं. बसून नव्हे, उभं राहून किंवा उंच स्टुलावर काम करता येईल असं. पट्ट्याचा वेग बायकांच्या हाताच्या वेगावर ठरवला आणि थांबवायचं लाल बटण त्यांच्याच हाताशी ठेवलं. मजूर-बचतीच्या रकान्यात आम्ही शून्य लिहिलं. खाली एक परिच्छेद जोडला: घण घालण्याचं काम यंत्राकडे जाईल, निवडीचं काम वाढेल, चांगल्या निवडीमुळे मालाला भाव मिळेल आणि तीच या प्रकल्पाची कमाई.

कर्ज अजून मंजूर झालेलं नाही. अहवाल एकदा परत आला, तो शून्याचा रकाना तसाच ठेवून आम्ही पुन्हा पाठवला. दरम्यान यंत्राचा सांगाडा उधारीवर उभा राहिला आहे.

रस्त्यावरची इजा करणारी वस्तू बाजूला करणं हे आपल्याकडे ईमानाचं काम मानलं जातं. मदरशातली लहान मुलंसुद्धा हे सांगतील. आपण ती वस्तू कचऱ्याच्या पिशवीत टाकतो तेव्हा मात्र ती बाजूला झालेली नसते, फक्त दुसऱ्या कुणाच्या हाताच्या वाटेवर गेलेली असते. तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. बाटली अखंड असेल तर फोडू नका, बूच काढून वेगळी द्या. फुटली असेल तर जाड कागदात किंवा खोक्यात बांधून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा. कप-बशीचे तुकडे तिच्यात घालू नका. आणि भंगारवाला दारात आला तर त्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका.