ठिगळ

अण्णांची अँबॅसिडर 1986 सालची. सांगोल्याच्या बाजाराला डाळिंबाच्या पेट्या नेण्यापासून वाडीवरल्या अडल्या बाईला दवाखान्यात पोचवण्यापर्यंत सगळी कामं तिच्याच अंगावर. डिकीत किती वजन भरायचं याला धरबंध नव्हता.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडीच्याच पत्र्याच्या पोकळ पेट्या सगळा भार पेलतात. मागचा ॲक्सल पाट्यांवर बसतो. पाट्याचं पुढचं टोक बोल्टनं एका जागी पक्कं, मागचं शॅकलला टांगलेलं. खड्ड्यात पाटा दबला की सपाट होऊन लांबतो, तेवढं अंतर शॅकल झुलून घेतो. या सगळ्याचा आधार असलेलं ब्रॅकेट मात्र बॉडीच्या पत्र्यालाच जोडलेलं. तिथं चिखल बसतो, ओल राहते आणि पत्रा आतून खात जातो. वरनं काही दिसत नाही.

उजव्या बाजूच्या ब्रॅकेटला तडा दिसला तेव्हा मी कॉलेजात होतो. अण्णांनी पैसे देऊन मला मिस्त्रीकडे पाठवलं. मिस्त्री म्हणाला, "चार दिवस गाडी ठेवा. टाकी उतरवावी लागंल." चार दिवस कोण थांबणार? मी गाडी सरळ रस्त्याकडेच्या, खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्याकडं नेली. टाकीवर ओलं पोतं टाकून त्यानं अर्ध्या तासात एक पट्टी चिकटवली, वरनं काळा रंग फासला. उरलेले पैसे मित्रांबरोबर उडवले. "झालं का काम?" अण्णांनी विचारलं. "झालं," मी म्हणालो.

दोन वर्षं काही झालं नाही. मग आक्का बाळंतपणाला माहेरी आली. रात्री कळा सुरू झाल्या. अण्णांनी गाडी काढली, आई आक्काला धरून मागं, मी पुढं. पंढरपूरच्या रस्त्याला ओढ्याच्या फरशीवर गाडी आदळली आणि मागनं काडकन आवाज आला. उजवी बाजू खाली बसली. टायर पत्र्याला घासून रबराचा वास सुटला. आक्का ओरडत होती, आणि नेमकं काय तुटलं हे गाडीत मला एकट्याला ठाऊक होतं.

अर्ध्या तासानं दुधाचा टेम्पो आला. आक्का त्यातनं गेली. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो अर्धा तास मात्र माझ्या अंगावरनं अजून उतरलेला नाही.

गाडी ओढत मिस्त्रीकडे नेली. त्यानं ती जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, पट्टीपाशी पेचकस खुपसला, तो आरपार गेला. "मालक, हे माझं काम न्हाई," तो अण्णांना म्हणाला. "गंजावर ठिगळ मारलंय. ठिगळ मजबूत हाय, पण त्यानं धरायचं कशाला?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षं ते वाडीभर सांगत होते की मिस्त्रीनं चोख काम केलंय. मी मान खाली घातली. शिवी येईल म्हणून वाट बघत होतो. ते एवढंच म्हणाले, "चार दिवस इथंच राहायचं. त्याच्या हाताखाली."

पहिल्या दिवशी बॅटरीची वायर सोडली, टाकी उतरवून लांब ठेवली. "डिझेल असू दे, रिकाम्या टाकीत वाफ असती. ठिणगी पुरती तिला," मिस्त्री म्हणाला. मग चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापत गेलो. कापता कापता हातभर भोक पडलं. पुठ्ठ्याचा साचा काढून तीन मिलिमीटरची प्लेट कापली, पेटीच्या दोन बाजूंना कवेत घेईल अशी वाकवली. कोपरे कानशीनं गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच पुन्हा चीर सुरू होते. वेल्डिंग सलग नाही. एक टाका इकडं, एक तिकडं, नाहीतर जुना पातळ पत्रा जळतो. दोन्ही बाजूंची भोकं दोरीनं मापून जुळवली, ॲक्सल वाकडा बसू नये म्हणून. डावी बाजू धड दिसत होती, तरी तीही उघडून तशीच केली. रेड ऑक्साइड मारलं, पेटीच्या आत ऑइल सोडलं. आणि पाट्याचे बोल्ट चाकं जमिनीला टेकल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं.

परत येताना त्या फरशीपाशी अण्णांनी गाडी थांबवली, उतरले आणि म्हणाले, "आता तू घाल." मी घातली. एक शब्द बोललो नाही आम्ही.

अण्णा आता नाहीत. गाडी लिंबाखाली उभी आहे, दारांचे पत्रे खालून गळून पडलेत. आक्काची लेक आली की आत बसून हॉर्न वाजवून बघते. तो वाजत नाही. कधीतरी मी मागं वाकून हात घालतो. प्लेटचे कोपरे अजून गोल लागतात.