कोपीच्या दारातली खिचडी

शहाद्याकडून पुरुषोत्तमनगरकडे येताना गळीत हंगामात वाट विचारावी लागत नाही. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याकडे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, हवेत उकळत्या रसाचा जड गोडसर वास असतो आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. त्या रेघेवरच्या तोरणमाळला दोन रात्री तंबूत राहायचे, असा माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाईंचा हट्ट होता. त्यांना कंपवाताचा विकार आहे. गिळणे मंदावले आहे. अन्न बारीक वाटून दिले नाही तर ठसका लागतो, आणि श्वासमार्गात गेलेला घास या वयात न्यूमोनियाला कारण होतो. तंबूत वीज मिळणार नव्हती. म्हणून मी मोटारीच्या सॉकेटला लावायचा छोटा इन्व्हर्टर आणि घरचा ५०० वॅटचा मिक्सर बरोबर घेतला होता.

दुपारी रस्त्याकडेला थांबून मिक्सरचे बटण दाबले मात्र, फ्यूज उडाला. आयुष्यभर औषधाची मात्रा वजनावर मोजणाऱ्या मला वॅटचा हिशेब सुचला नव्हता!

तो हिशेब आपण निघण्यापूर्वीच करावा. मोटारीच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टने गुणले तर १२० ते १८० वॅट. ५०० वॅटचा मिक्सर चाळीसहून अधिक अँपिअर मागतो. दोन मिनिटांच्या वाटणाला एकूण वीज फारशी लागत नाही. ती एकाच क्षणी फार ओढली जाते, अडचण तिथे आहे. किटली आणि इंडक्शन शेगडी यांचे तर नावच काढू नये. लिटरभर पाणी उकळायला सुमारे एक दशांश युनिट वीज लागते. सॉकेटवर त्याला तासभर लागेल आणि बॅटरी दमेल ती वेगळीच. मोबाईल, दिवा, बॅटरीवर चालणारा लहान नेब्युलायझर एवढाच भार त्या सॉकेटवर टाकावा.

समोरच्या शेतात ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची ती वस्ती हंगामभर विजेवाचूनच संसार करते. एका दाराला सौर दिवा तेवढा टांगलेला होता. तरणी माणसे फडात गेली होती. नातवंडांना राखत बसलेल्या एका आजींनी आमची धांदल पाहिली आणि डबा मागून घेतला. तीन दगडांच्या चुलीवर खिचडीत पाणी घालून त्यांनी ती पुन्हा रटरटवली, गरम असतानाच पळीच्या पाठीने घोटली, मग स्वच्छ फडक्यातून दाबून काढली. मी बोटांनी चाचपून पाहिले. एक कण हाताला लागला नाही. अन्न निवल्यावर घोटू गेले की गुठळ्या राहतात, हे मला ठाऊक असायला हवे होते.

सासूबाईंना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, चमचा चमचा भरवले. अर्धा तास आडवे होऊ दिले नाही. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तर घास थांबवावा, हे काळजीवाहकांनी ध्यानी ठेवावे. तेवढ्या वेळात त्या आजी मात्र तीनदा खोकल्या. पाचटाचा धूर डोळ्यांत आणि छातीत किती वर्षे जात असेल! मी त्यांची छाती तपासली, शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. चूल वाऱ्याच्या दिशेने फिरवून दिली, चिठ्ठी लिहून दिली; त्यांचा मुलगा फड सोडून दवाखान्यात येईल की नाही, याची मला खात्री नव्हती.

पुढे घाट चढून सुमारे अकराशे मीटर उंचीवर पोहोचलो, तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. अशा वेळी निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि ती झोप शेवटची ठरू शकते. जनरेटरही तंबूपासून दूर हवा. आम्ही स्वयंपाक लहान गॅसवर उघड्यावर केला. खिचडीला दहा मिनिटे उकळी आली की पातेले झाकण घट्ट लावून दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवायचे. तासाभरात ती आपोआप मऊ होते आणि गॅस वाचतो. गरम असतानाच खाऊन संपवावी, रात्रभर ठेवू नये. इन्सुलिनसाठी फ्रीजची काळजी नको: वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे तीस अंशांखाली टिकते. बर्फाला चिकटू देऊ नये आणि मोटारीत उन्हात तर मुळीच ठेवू नये.

सकाळी यशवंत तलावाकाठी सासूबाईंनी खिचडी खाल्ली. ‘ती बाई असती, तर अजून बारीक केली असती,’ म्हणाल्या. परतताना आम्ही पुन्हा त्या शेतापाशी थांबलो. ऊस तोडून झाला होता. कोप्यांच्या जागी काळे पडलेले दगड तेवढे होते.