नव्या मोटारीची कांति

रंगाविषयीं लिहिण्याचा अधिकार मला नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. सारा जन्म शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेला. रंग म्हणून हाताला लागला तो खडूचा. तरी २०२४ च्या दसऱ्याला आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यांत चूक कोणाची याचा विचार करतांना मला या वयांत बरेंच शिकावें लागलें. आणि पुढच्या मुहूर्तावर ज्यांच्या दारीं नवी मोटार यावयाची असेल त्यांच्या तें उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवानें मोटार घ्यावयाचें ठरविलें. आम्ही दोघे भाऊ पुण्यास एकाच घरांत राहतों. त्यामुळें मोटारीचे हप्ते जरी त्यानें भरावयाचे असले तरी तिचा रंग कोणता असावा याविषयीं आठ माणसांचीं आठ मतें पडलीं. अखेर गडद निळा ठरला. दसऱ्यापूर्वीं आठ दिवस पुतण्या मला म्हणाला, "काका, दसऱ्याची घाई नको. गाडी कोजागरीनंतर आणूं. आणि त्यांना मी लिहून देणार आहें कीं, ती धुऊं नका, पुसूं नका, आहे तशीच द्या." मला हंसूं आलें. "अरे, नवरी मुलगी तोंड न धुतां मांडवांत उभी करणार आहेस काय?" असें मीं विचारलें. साडेतीन मुहूर्तांपैकीं एक मुहूर्त हातचा सोडून धुळीनें माखलेली मोटार घरीं आणावयाची, हा विचारच मला विपरीत वाटला. आमच्या घरांत वडील माणसांचा शब्द सहसा मोडीत नाहींत. तो गप्प बसला.

दसऱ्याच्या दिवशीं विक्रेत्याच्या दारांत मोटारींची रांग लागली होती. झेंडूचे हार, लाल फिती, पेढ्यांचे पुडे, छायाचित्रें. एक कुटुंब हललें कीं दुसरें पुढें येई. आमच्या गाडीवरील आच्छादन दूर झालें तेव्हां ती आरशासारखी चकाकत होती, आणि मीं पुतण्याकडे पाहिलें तें थोडेंसें विजयी मुद्रेनेंच, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. घरीं आल्यावर वहिनींनीं बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक रेखलें, नारळ वाढविला, चाकांखालीं लिंबें ठेवलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजेचीं फुलें काढावयास अंगणांत गेलों, तों बॉनेटवर तिरपें ऊन पडलें होतें. त्यांत सूर्याचें प्रतिबिंब दिसे, आणि त्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्यानें जाळें विणावें तशा शेंकडों बारीक वर्तुळाकार रेषा. मी सरकलों कीं जाळें माझ्याबरोबर सरके. माझें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म झालेलें असल्यानें प्रथम दोष मीं डोळ्यांनाच दिला. मग पुतण्याला हांक मारली. त्यानें क्षणभर पाहिलें, आणि एवढेंच म्हणाला, "होय काका. मी म्हणत होतों तें हेंच." तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

त्या आठवड्यांत मीं त्याच्याकडे अक्षरशः शिकवणी घेतली. मोटारीचा पत्रा प्रथम रासायनिक द्रावणांतून काढतात. मग विजेच्या साहाय्यानें त्यावर गंज न चढूं देणारा थर बसवितात. त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांच्या वर पारदर्शक लाखेसारखा एक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केंसाहूनहि कमी. सगळे थर मिळून वहीच्या एका पानाएवढे. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे पुष्कळ अंशीं गारेचें चूर्ण. गारेचें काठिण्य खनिजशास्त्राच्या मापानें ७, आणि चाकूच्या पोलादाचें साडेपांचाच्या आसपास. तेव्हां कोरड्या धुळीवर फडकें फिरविणें म्हणजे पोलादाहून कठीण कणांनीं तो नाजूक थर खरवडणेंच होय. रेषा वास्तविक सर्व दिशांना गेलेल्या असतात. परंतु प्रकाशाला आडव्या पडलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या गोल दिसतात. पाहावयाचें असेल त्यानें रोज घांसलेलें स्टीलचें ताट उन्हांत धरावें. गडद रंगावर हें जाळें अधिक उठून दिसतें, पांढऱ्यावर कमी. (पांढऱ्या रंगासाठीं वहिनींनीं दोन दिवस हट्ट धरला होता, त्याचें स्मरण त्या मला अद्याप देतात.)

कारखान्यांतून गाडी निघते ती निर्दोष. मग ट्रेलरवरचा प्रवास, मग विक्रेत्याच्या उघड्या आवारांत आठवडे, क्वचित् महिने मुक्काम. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा. आणि जिच्यावर एवढें पुट चढलें तिला स्वच्छ करण्यास मिळतो तो ग्राहक येण्यापूर्वींचा पाऊण तास.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. चौथ्या दिवशीं मी एकटाच विक्रेत्याकडे गेलों. तेथील अधिकारी फार नम्र होते. "सर, एवढें तर सगळ्याच गाड्यांना असतें. यंत्रानें रबिंग-पॉलिश करून देतों, पैसे नकोत," असें ते म्हणाले. मीं मागचें आवार पाहण्याची परवानगी मागितली. तेथें एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा गाडी धूत होता. एक बादली, तिचें पाणी चहाच्या रंगाचें, एक फडकें. तें हातांतून निसटून फरशीवर पडलें. त्यानें उचललें, बादलींत बुडविलें आणि पुन्हां दारावर फिरविलें. मीं मास्तरी स्वरांत विचारलें, "बाळ, पाणी कां बदलीत नाहींस?" तो हंसून म्हणाला, "आजोबा, वेळ कोण देतो? दसऱ्याला पहांटे चारपासून उभा होतों. सगळ्यांना बाराच्या आंत गाडी पाहिजे, आणि चमकलेली पाहिजे."

सगळ्यांना. त्यांत मी होतों. विक्रेत्याला स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या आणि मऊ मायक्रोफायबरचीं चार फडकीं महाग नाहींत. तीं तो देत नाहीं हा त्याचा दोष आहेच, आणि तो मीं तेथल्या तेथें लेखी कळविला. परंतु त्या पाऊण तासाच्या घाईला मुहूर्ताचा आग्रह धरणारेंहि कोणी असतें.

फुकटचें पॉलिश पुतण्यानें नाकारलें. घाईनें चालविलेलें यंत्र रेषांच्या जागीं धुरकट वलयें उमटवितें, किंवा तेलकट द्रव्यानें रेषा नुसत्या बुजविल्या जातात आणि चार धुण्यांनंतर पुन्हां वर येतात. नीट काम केलें तरी मूळच्या थरांतले कांहीं मायक्रॉन झिजवूनच तें होतें. आणि तो थर पुन्हां वाढत नाहीं. सिरॅमिकचा लेप वेगळे पैसे घेऊन देतात, तोहि रेषांवरच चढविला तर त्या त्याच्याखालीं जशाच्या तशा राहतात. पुतण्यानें एका जाणत्या कारागिराकडून जाडी मोजवून घेतली. "एकदां हलक्या हातानें करतों, पुन्हां मात्र करवूं नका," असें सांगून त्यानें काम केलें. बहुतेक जाळें गेलें. उजव्या दारावरच्या दोन खोल रेषा त्यानें मुद्दाम राहूं दिल्या.

तेव्हांपासून रविवारीं गाडी मी धुतों. सावलींत, आधीं नुसत्या पाण्याची धार सोडून, मग दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हात खळबळण्याची. बोरवेलचें पाणी वाळूं दिलें तर क्षारांचे डाग पडतात, म्हणून लगेच टिपून घेतों, घांसत नाहीं. पुतण्या गच्चीवरून पाहतो; अजून त्यानें चूक काढलेली नाहीं.

२०२५ च्या दसऱ्याला वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. कोरडें कुंकू बोटानें रेखणें आणि मग तें पुसणें यांतहि तीच गोष्ट घडते, हें त्यांना कसें सांगावें या विवंचनेंत मी होतों. अखेर धीर करून म्हटलें, "वहिनी, यंदा कांचेवर काढलेंत तर?" त्यांनीं माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलें. "भावजी, गेल्या वर्षीं मुहूर्त तुम्हींच काढला होतात ना?" असें म्हणून त्यांनीं कुंकू पाण्यांत कालविलें, आणि पुढच्या कांचेच्या कोंपऱ्यांत लहानसें स्वस्तिक काढलें.