बारा कोसांवर

बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिचा पडताळा घ्यायला कुणी बारा कोस चालत जात नाही. मला तो पडताळा आला तो आपल्या मुलुखात नव्हे, तर दक्षिण चीनमध्ये, सकाळी सात ते संध्याकाळी सहा अशा एका दिवसाच्या बसप्रवासात. चीन म्हणजे एक लिपी, एक भाषा आणि एकसारखी माणसे, अशी आपली ढोबळ समजूत असते. तिचा निकाल लावायला एक दिवस पुरतो. मात्र बस हळू चालणारी हवी.

2012 सालच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. ग्वांगशी प्रदेशातल्या ग्वेलिन शहरातून निघायचे, लोंगशेंग आणि सानज्यांग या तालुक्यांच्या गावी गाड्या बदलायच्या आणि ग्वेचौ प्रांतातल्या चाओशिंग या खेड्यात मुक्कामाला पोचायचे, असा बेत होता. बरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. तो व्यापाराच्या निमित्ताने ग्वांगचौला राहतो आणि चिनी उत्तम बोलतो. "सर, आगगाडी नाही, विमान नाही, हाडे मात्र खिळखिळी होतील," असे त्याने आधीच बजावले होते.

ग्वेलिनचे चुनखडीचे सुळके, कुणीतरी शेकडो शिवलिंगे मांडून ठेवावीत तसे, तासभर दोन्ही बाजूंनी सोबत करीत होते. मग ते मागे राहिले आणि घाट सुरू झाला. ड्रायव्हरजवळ काचेच्या बरणीत चहा होता. पाण्यात तरंगणाऱ्या पानांवरून वळण किती अवघड आहे ते कळत होते. उतारू सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होते आणि सालींचा सडा पायांखाली वाढत होता. एका पोत्यातून बदकाची मान बाहेर आली, तिने सर्वांना पाहून घेतले आणि ती पुन्हा आत गेली.

लोंगशेंगच्या अलीकडे एका फाट्यावर कॅमेरेवाले पर्यटक उतरून गेले. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाताच्या खाचरांच्या पायऱ्या कोरलेल्या प्रसिद्ध 'लोंगजी'कडे, म्हणजे 'ड्रॅगनच्या कण्या'कडे, ते निघाले होते. ही खाचरे च्वांग आणि याओ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून घडवली. पर्यटक गेले आणि गाडी गावकऱ्यांची झाली. आवाज वाढला, आणि माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा पडला. "सर, आता मलाही काही कळत नाही," तो म्हणाला.

तिकिटाचे पैसे देताना मी हातातली चिनी नोट उलटून पाहिली. चिनी भाषेखेरीज तिच्यावर मंगोल, तिबेटी, उइगुर आणि च्वांग अशा चार भाषा छापलेल्या असतात. च्वांगांची संख्या जवळजवळ दोन कोटी आहे आणि ग्वांगशी हा त्यांचाच स्वायत्त प्रदेश. त्यांच्या भाषेसाठी 1957 साली रोमन अक्षरांची लिपी मान्य झाली. नोटेवरची ती ओळ मला लावता आली, पण अर्थ कळला नाही.

सानज्यांगला दुसरी गाडी सुटायला दीड तास होता. स्टँडजवळच्या खानावळीत 'तेलचहा' मिळाला. चहाची पाने तेलात परतून, कुटून, उकळून त्यात मीठ घालतात आणि वर तांदळाच्या लाह्या नि शेंगदाणे पेरतात. पहिल्या घोटाला मला सायंकाळची भेळ चुकून कपात पडल्यासारखे वाटले. तिसऱ्या घोटाला मी दुसरा वाडगा मागितला.

पुढचा मुलूख दोंग लोकांचा. देवदारासारख्या उंच झाडांची वने, लाकडी घरे, ओढ्यांवर छपरांचे पूल. या पुलांना 'वारा-पावसाचे पूल' म्हणतात. पावसात सापडलेल्या वाटसरूने तिथे खुशाल बसावे. सानज्यांगजवळच्या छंगयांग गावचा असा पूल 1912 साली बांधायला घेतला आणि 1924 साली पुरा झाला.

गाडीत माझ्या शेजारी निळीत रंगवलेल्या चकचकीत कापडाचा अंगरखा घातलेली एक आजी आणि तिची सात-आठ वर्षांची नात बसली होती. आजी दोंग बोलायची, नात ते चिनीत सांगायची, माझा विद्यार्थी मराठीत. माझे उत्तर त्याच वाटेने परत जायचे. मुलीचे आईबाप ग्वांगदोंगमधल्या जोड्यांच्या कारखान्यात होते. वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला घरी येत. वाटेतल्या बहुतेक खेड्यांच्या ओट्यांवर मला म्हातारी माणसे आणि मुलेच का दिसत होती, त्याचा उलगडा झाला.

मी खिशातली दहा रुपयांची नोट काढून मुलीला दिली. मागच्या पट्टीवरच्या ओळी तिने बोट ठेवून मोजल्या. पंधरा! आजीने विचारले, "यातली तुझी कुठली?" मी दाखवली. "वाच." मी वाचले, "दहा रुपये." सारी गाडी "दाहा लुप्ये, दाहा लुप्ये" म्हणू लागली. मग मी विचारले, तुमच्यात दहाला काय म्हणतात? नात चटकन म्हणाली, "श्री!" तो चिनी शब्द होता. आजीने तिच्या गुडघ्यावर हलकी चापट मारली आणि ओठ मिटून संपणारा आपला शब्द उच्चारला. मुलगी हसली. तिला तो ठाऊक होता. पण परक्यासमोर सांगायचा शब्द शाळेतलाच, असे तिने मनाशी ठरवलेले दिसले. असे हसू मी आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही पाहिले आहे. मी गप्प बसलो.

दोंगांची संख्या आज सुमारे 35 लाख आहे. त्यांच्या भाषेला नऊ सूर आहेत. सूर बदलला की अर्थ बदलतो. शतकानुशतके तिला आपली लिपी नव्हती. रोमन लिपी 1958 साली तयार झाली. तोवर वंशावळी, कायदे, शेतीचे शहाणपण, प्रेम आणि भांडणे, सारे गाण्यांतच साठवलेले. चाओशिंगला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. पाच वाड्यांचे पाच उंच नगारमनोरे अंधारात उभे होते. रात्री त्यांतल्या एकाखाली बायकांनी गाणे धरले. वाद्य नाही, हात हलवून ताल देणारा कुणी नाही, आणि तरी निरनिराळे सूर एकमेकांत गुंफले जात होते. या 'महागीता'ची 2009 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. शब्द मला कळत नव्हते. पण ओठ मिटून संपणारे शब्द आता कानाला ओळखता येत होते.

26 डिसेंबर 2014 पासून त्या डोंगरांतून ग्वेयांग ते ग्वांगचौ अशी वेगवान आगगाडी धावते. ग्वेलिनहून चाओशिंगजवळच्या स्टेशनापर्यंत जायला आता तासही लागत नाही. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्यांची आई कारखान्यात आहे त्या मुलांना विचारा, गाडी किती वेगाने धावावी! पण तो मार्ग बहुतेक बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो. बोगद्यात काच काळी होते आणि माणूस स्वतःचाच चेहरा पाहत बसतो. मधले बारा कोस कुणाच्या कानांवर पडत नाहीत.

ती मुलगी आता विशी ओलांडून गेली असेल. कदाचित आईबापांसारखी तीही ग्वांगदोंगला असेल आणि सणाला त्याच गाडीने घरी येत असेल. आजीच्या भाषेतले आकडे तिला दहापर्यंत मोजता येत असतीलच. प्रश्न एवढाच, की उद्या ते कुणाला शिकवावेत असे तिला वाटेल का?