प्लेनो : सपाट गावातली सायकल

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला प्लेनो आहे. स्पॅनिशमध्ये प्लेनो म्हणजे सपाट, आणि गाव अगदी नावासारखंच. घाट नाही, चढ नाही. स्प्रिंग क्रीक ओढ्याच्या काठाने चिझम ट्रेल जाते, तिच्यावर आमच्या वयाची माणसंही सायकल चालवतात.

मुलाकडे राहायला गेलो तेव्हा नातवाच्या जुन्या सायकलीला दुसऱ्याच सायकलीचा चिमटा बसवायला घेतला. पण वाटीखालचा कोन चिमट्यावर सैल! बाळांनो, चिमट्याच्या त्या बैठकीची मापं बहुतेक दोन : २६.४ मिलिमीटर आणि जपानी २७. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण तेवढ्यानेही पुढचा ब्रेक दाबताच हँडल खडखडतं आणि पोर पडायचं.

थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. त्याची पट्टी कातरली, तीन वेढे दिले, कोन हळूहळू ठोकून बसवला. मग छर्रे, भरपूर ग्रीस. ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवली, खडखड नाही.

कोनच लहान असता तर पट्टी काय कामाची? आणि आटे जुळत नसतील तर असली युक्ती करूच नये हो. नातवाला बजावलं : खरा कोन येईपर्यंतच ही पट्टी, आणि तोवर ओढ्याच्या पुढे जायचं नाही.